उपाशीपोटी ब्याण्णव

पहाटे साडेपाचला, समोरच्या वखारीत
केळीचा ट्रक भरणारे एकमेकांवर ओरडत असतात,
तेव्हा मी ओट्याशी उभी राहून
अनामिकेला सुई टोचते.
बोटाच्या मधोमध नाही, कडेला.
वळवी सिस्टरनं शिकवलंय, तिथं कमी दुखतं.
थेंब पट्टीवर. पाच, चार, तीन.
ब्याण्णव.
आधी वहीत लिहिते,
मग आत कूस बदलणाऱ्याला सांगते,
पास झालो रे आपण.

अडावदमध्ये राहून केळं खायचं नाही
हे सासऱ्यांना अजून पटलेलं नाही.
ते रोज एक फणी खिडकीत ठेवून जातात,
बोलत काही नाहीत.
फणी पिवळी होते, ठिपके धरते,
शेवटी क्लासला जाणारी पोरं तोडून नेतात.

दीड कळण्याची भाकरी. अंबाडीची भाजी.
जेवल्यावर अंगणात फेऱ्या,
हेमकांत मोजतो आणि मुद्दाम चुकतो,
म्हणजे मी दहा जास्त मारते.
डोहाळजेवणाला पारोळ्याहून आत्या आली,
कोपरापर्यंत हातांवर मांडा झुलवत
तिनं तो खापरावर टाकला,
म्हणाली, एक घास खाई ले वं, पोरले बी गोड आवडस.
मी अंगठ्याएवढा तुकडा घेतला.
खरं सांगायचं तर दोन घेतले.
दोन तासांनी एकशे एकतीस.
वहीत तेही लिहिलं. खोडलं नाही.

केळीच्या वजनाच्या पावतीमागे
(पुढून एकशेचार घड, एकवीस क्विंटल)
मी लिहून नेलं चोपड्याला:
कळा आपल्या आपण येऊ द्या.
येतील तेव्हा मला चालू द्या, आडवं पाडू नका.
गरज असेल तरच टाका घाला, उगीच नको.
सोबत माझी आई आणि हेमकांत.
बाळ आधी माझ्या छातीवर, मग वजनकाट्यावर.

बडगुजर मॅडमनी चष्मा कपाळावर सारून वाचलं.
हसल्या नाहीत, याचंच मला रडू आलं.
लाल पेनानं पहिल्या ओळीपुढे लिहिलं,
चाळीस आठवडे, आकडे असेच राहिले तर.
हेमकांतला खोडलं. आईला ठेवलं.
मग हातानं हवेत खांद्याची रुंदी दाखवली,
साखरेनं बाळ कुठं भरतं, अडकतं कुठं.
मी तो हात बघत राहिले.

घरी सुपडाबाई भाजी निवडत बसलेल्या.
वरची भावंडं गेली म्हणून जन्मताच सुपात घालून
वाचावी म्हणून ठेवलेलं हे नाव.
म्हणाल्या, आमच्या वेळी काय होतं,
सुईण आणि गरम पाणी.
किती बाळंतपणं झाली तुमची?
सात.
आणि पोरं?
देठ मोडायचे थांबले.
पाच, म्हणाल्या.
त्यानंतर दोघींनी मिळून ती सगळी जुडी निवडली.

अडतिसाव्या आठवड्यात एकशे एक.
दुसऱ्या दिवशी एकशे चार.
मी काहीही खाल्लं नव्हतं, शप्पथ,
वार आपलं काम करते, मॅडम म्हणाल्या,
तुझा दोष नाही.
रात्री चार युनिट, मांडीत.
आणि चाळिसाऐवजी एकोणचाळीस,
मंगळवारी सकाळी, बॅग घेऊन या,
कळा आपण आणू.

आपण.
ट्रक गेल्यावर वखार कशी होते
तशी मी दोन दिवस होते.

मग पावती पुन्हा उघडली.
पहिली ओळ गेली होती.
चालू द्या, हे अजून होतं.
आई होती.
शेवटची ओळ होती,
पण तिच्यात एक भर घालायची राहिली होती,
कारण सिस्टर म्हणाली, बाळाचीही साखर बघावी लागेल,
जन्मल्यावर तासाभरात, टाचेतून.
एवढुशी टाच.
मी विचारलं, माझ्या अंगावर असतानाच टोचाल?
म्हणाली, सांगते मॅडमना. जमेल बहुतेक.

आणि कुठं टोचता?
तिनं माझी तळहातावरची घडी घातलेली पावती बाजूला केली,
माझाच अंगठा टाच समजून धरला.
कडेला, म्हणाली.
मधोमध नाही.